दारावरची थाप

सोलापूरच्या चाटी गल्लीत तीन पिढ्या कापडाचा व्यापार करणाऱ्या एका घरी मार्गशीर्षातल्या एका सकाळी नऊच्या सुमारास दूरध्वनी वाजला. न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. तेथील एका विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेली नात बोलत होती. ‘आजी, माझ्या खोलीची झडती झाली,’ एवढेच ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना.

व्यापारी घराला ‘झडती’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. देवघरातून आजोबा लगबगीने बाहेर आले. पेढीवर निघालेले वडील दारातच थांबले. पुढच्या दहा मिनिटांत हळूहळू उलगडा झाला. ही पोलिसांची झडती नव्हती. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांच्या वसतिगृहांत सत्रातून एकदा-दोनदा जी आरोग्य व सुरक्षा तपासणी होते, ती झाली होती. आठवडाभर आधी तशी सूचनाही आली होती. परीक्षेच्या गडबडीत मुलीने ती नीट वाचली नव्हती. वसतिगृहाचे दोन कर्मचारी आले, त्यांनी दार वाजवले, हातातल्या यादीवर खुणा केल्या आणि एक कागद ठेवून निघून गेले.

कागदावर चार आक्षेप होते. पहिला, पूजेसाठी लावलेला तुपाचा दिवा आणि उदबत्ती. दुसरा, उघड्या तारेची विजेची शेगडी. तिसरा, एका जोडतारेला जोडलेली दुसरी जोडतार. चौथा आक्षेप मुलीने घाईघाईने वाचला: छतावरील धूरसूचक यंत्रावर प्लॅस्टिकची टोपी चढवलेली आढळली.

आजीने पहिल्याच आक्षेपावर कान ठेवला होता. ‘देवापुढे दिवा लावणे हा गुन्हा कधीपासून झाला?’ त्या संतापून म्हणाल्या. शेगडीमागेही त्यांचाच आग्रह होता. डिसेंबरात न्यू जर्सीत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि वसतिगृहाच्या भोजनगृहात रात्रीचे जेवण त्यानंतर सुरू होते. रात्रिभोजन न करण्याचा नियम घेऊन गेलेली मुलगी चार वाजता वर्गातून धावत येई आणि खोलीतच मुगाची खिचडी शिजवून घेई. फोडणीच्या धुराने यंत्र दोनदा कर्कश वाजले आणि सारा मजला कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर आला. त्या ओशाळलेपणातून तिने यंत्रावर टोपी चढवली होती. नियम मोडण्याची हौस म्हणून यातले काहीच घडले नव्हते. प्रत्येक गोष्टीमागे एक श्रद्धा होती, नाहीतर एक संकोच होता.

आजोबांनी सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘त्या मजल्यावर किती मुली झोपतात?’

‘चाळीस असतील,’ नात म्हणाली.

आजोबा काही वेळ बोलले नाहीत. त्यांना पेढीचे जुने दिवस आठवत होते. बँकेची कॅश क्रेडिट नुकतीच मिळाली होती आणि साठा तपासायला एक तरुण अधिकारी पूर्वसूचना न देता गोदामात आला होता. गठ्ठे मोजून झाल्यावर त्याने मीटरच्या फळीपर्यंत रचलेली थप्पी दाखवली आणि ती हलवायला सांगितली. आजोबांना तेव्हा तो अपमान वाटला होता. ज्या घराची हुंडी कधी परत गेली नाही, त्याच्यावर हा अविश्वास! पुढे काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, की त्या अधिकाऱ्याने त्यांच्या सचोटीविषयी एक अक्षरही काढले नव्हते. तो फक्त कापूस आणि वीज यांच्यातले अंतर मोजत होता. सचोटीने वागणाऱ्याचे गोदामही जळू शकते.

न्यू जर्सीने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. १९ जानेवारी २००० रोजी पहाटे साऊथ ऑरेंज येथील सीटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉल या वसतिगृहाला आग लागली. तीन विद्यार्थी दगावले आणि पन्नासहून अधिक जण जखमी झाले. इमारतीत धोक्याची घंटा होती आणि ती वाजलीही. पण त्याआधीच्या महिन्यांत ती इतक्या वेळा विनाकारण वाजली होती, की अनेकांना तो नेहमीचाच प्रकार वाटला. आग लागताच छतावरून आपोआप पाणी सोडणारी तुषारयंत्रणा त्या जुन्या इमारतीत नव्हती. त्याच वर्षी राज्याने कायदा करून सर्व वसतिगृहांत अशी यंत्रणा चार वर्षांत बसवणे सक्तीचे केले. २००८ च्या केंद्रीय कायद्याने वसतिगृहे असलेल्या विद्यापीठांना आगीच्या घटनांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध करणेही बंधनकारक झाले.

यादीतल्या बारीकसारीक वाटणाऱ्या प्रत्येक कलमामागे असे कारण असते. तुषारयंत्रणेच्या तोंडाशी काचेची छोटी कुपी असते. साधारण ६८ अंश सेल्सिअसला ती फुटते आणि पाणी सुटते. तिला कपडे अडकवले तर ती धक्क्याने फुटून खोली जलमय होते, आणि तिच्याखाली दीड फुटाच्या आत सामान रचले तर पाणी सगळीकडे पसरत नाही. अमेरिकेत विजेचा दाब १२० व्होल्ट असल्यामुळे हजार वॅटच्या शेगडीला आठ अँपियरहून अधिक प्रवाह लागतो, म्हणजे आपल्याकडच्या जवळपास दुप्पट. दोन बारीक जोडतारा एकीला एक जोडल्या, की ती उष्णता गादीखाली किंवा पडद्यामागे साठत राहते.

तरीही मुलीचे दुःख अवाजवी नव्हते. तपासणीला आलेले दोघे बूट घालून तिच्या पूजेच्या फळीपाशी उभे राहिले होते. परक्या देशात हक्काची म्हणावी अशी तिला तेवढीच जागा होती. तेथील कायदाही या भावनेला जागा देतो. १९७१ साली अलाबामातील ट्रॉय स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणात फेडरल अपील न्यायालयाने निर्णय दिला, की खोली तपासण्याच्या नियमाचा आधार घेऊन फौजदारी खटल्यासाठी, वॉरंटाशिवाय विद्यार्थ्याची झडती घेता येणार नाही. सुरक्षा तपासणी आणि झडती यांतला फरक त्या देशाने असा जपला आहे.

आजोबांच्या सांगण्यावरून नातीने वसतिगृहाच्या कार्यालयाला पत्र लिहिले. त्यात तक्रार नव्हती. आपली अडचण सरळ मांडली होती. उत्तर चार दिवसांनी आले. पूजेच्या जागेजवळ बूट काढून येण्याची सूचना तिच्या खोलीच्या नोंदीत केली गेली. मजल्यावरचे सामाईक स्वयंपाकघर दुपारी मोकळे असते, तेथे तिला रोज अर्धा तास मिळाला. शेगडी मात्र कार्यालयात जमा झाली. सत्र संपल्यावर ती परत मिळणार होती. खोलीत जळता दिवा लावण्याची परवानगी कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला नाही, असे त्यांनी स्पष्ट पण सौम्य शब्दांत कळवले.

दिव्याचा प्रश्न आजीनेच सोडवला. दोन दिवस त्या अबोल होत्या. प्रवचनात शेकडो वेळा ऐकलेला ‘यत्नाचार’ हा शब्द त्यांच्या मनात घोळत असावा. चालताना, ठेवताना, उचलताना सूक्ष्म जिवालाही इजा होऊ नये म्हणून जपणारे हे घर. आणि त्याच घरच्या मुलीने चाळीस झोपलेल्या मुलींना जागे करणारे यंत्र झाकून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन मागून घेतला.

‘दिव्यावाचून णमोकार म्हटला तरी तो पोचतो,’ त्या म्हणाल्या. ‘पण आधी सांग, ती टोपी काढलीस का?’

‘त्याच रात्री काढली, आजी.’

‘मग झोप आता निवांत. आणि पुन्हा कोणी दार वाजवले, तर घाबरू नकोस. आधी पाणी विचार.’