विसावा उरकायचा नसतो

प्रिय मुक्ता,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. बँकेत ऑडिट सुरू झाल्यापासून जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये बारा सूर्यनमस्कार घालतेस, आणि तरी चारच्या सुमाराला डोकं जड होतं म्हणतेस. होणारच! सकाळभर काम उरकलंस, दुपारी नमस्कारही उरकलेस. त्यातून ते डबा खाल्ल्यावर घालत असलीस तर आणखी काय बोलू? सूर्यनमस्कार हा व्यायाम आहे. तो सकाळी, रिकाम्या पोटी. दुपारी तुला हवी आहे ती विश्रांती, आणि योगात तिची सोय निराळी आहे.

चर्चगेटला नोकरीला होते तेव्हा ऑफिस सुटल्यावर मी मरीन ड्राइव्हच्या कैवल्यधाममध्ये जायची, तुला आठवत असेल. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला काढलेल्या संस्थेची ती मुंबईतली शाखा. एक्स-रे आणि दाब मोजायची यंत्रं घेऊन आसनं-क्रिया तपासणारा हा माणूस, पण तिथल्या वर्गात घाईला थारा नसे. एक आसन सोडायचं, श्वास जागेवर येऊ द्यायचा, मगच दुसरं. हठप्रदीपिकेत शवासन मोजक्या आसनांच्या यादीत आहे आणि त्याचं काम सांगितलंय ते थकवा घालवणं, चित्ताला विसावा देणं. नुसतं पडून राहणं म्हणून त्याला कुणी कमी लेखलेलं नाही.

आता बँकेत तू आडवी कुठे होणार? तेव्हा हे कर. आधी उभी राहा. तासन्‌तास बसलं की पोटऱ्यांची हालचाल थांबते, आणि पायांतलं रक्त वर ढकलण्याचं बरंचसं काम त्याच करतात. म्हणून ताडासनात सावकाश टाचा उचल, टेकव. मग खिडकीशी जाऊन लांबचं काहीतरी बघ. स्क्रीनकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात आणि जवळचं दिसावं म्हणून डोळ्यांतले स्नायू सतत आवळलेले असतात, ते तेवढ्यात सैल पडतात. सुट्टीत मोबाइल उघडलास तर सगळं मुसळ केरात. तेच डोळे, तीच वाकलेली मान.

त्यानंतर खुर्चीत बसून डोळे मीट आणि उच्छ्वास लांबव. खरी गंमत इथे आहे. श्वास घेताना हृदय किंचित भराभर चालतं, सोडताना मंदावतं. म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब झालं की शरीर आपोआप निवतं. भ्रामरीत मोजायचीही गरज नाही, गुंजारव करायचा म्हटला की उच्छ्वास लांबतोच. (रेकॉर्ड रूम त्यासाठी उत्तम. कॅशियरच्या शेजारी बसून गुणगुणलीस तर लोक काळजीत पडतील.) श्वास मात्र कोंडू नकोस, ताणूही नकोस, धाप लागली तर समज, तिथेही टार्गेट गाठायला निघालीस.

2021 मध्ये आयुष मंत्रालयानं 'वाय-ब्रेक' नावाचं ॲप काढलं, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ते वापरायलाही सांगण्यात आलं. पाच मिनिटांत ताडासन, कटिचक्रासन, नाडीशोधन, भ्रामरी, ध्यान, सगळं. सरकारला हे सुचलं याचं कौतुक आहे, पण पाच मिनिटांत इतकं कोंबलं की शेवटचं ध्यान घड्याळाकडे बघत होतं. मी निम्म्या गोष्टी गाळीन, शेवटचं बसणं गाळणार नाही.

घरी पोचल्यावर मात्र आडवी हो. पाठ जमिनीवर, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर, डोळ्यांवर रुमाल. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, तक्के, पट्टे आसनांना जोडून दिले, त्यामुळे ताठरलेल्या शरीरालाही जोर न लावता आसनात राहता येतं. दहा-पंधरा मिनिटं राहा. आईला सांग, तोवर चहा नको.

तुझ्या मेसेजमध्ये तुमच्या निखिलच्या कंबरेचंही विचारलं होतंस. मणक्याची तक्रार आहे तर पुढे वाकायची आसनं त्यानं आपल्या मनानं करू नयेत. आधी डॉक्टरांना दाखवू दे, रिपोर्ट मला पाठव, मग बोलू.

तुझी,
सुधामावशी