बाबासाहेबांची चित्रकथा आम्ही कशी तपासली

मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा आपल्या घरांतला लहान प्रश्न नव्हे. म्हणून बाबासाहेबांवरची एक चित्रकथा विहाराच्या वाचनालयात ठेवावी की नाही, हे ठरविण्याचे काम आमच्याकडे आले तेव्हा आम्ही ते हलके घेतले नाही.

पुस्तकाचे नाव ‘भीमायन’. दिल्लीच्या ‘नवयान’ या छोट्या, स्वतंत्र प्रकाशनाने ते २०११ साली इंग्रजीत काढले. लेखन श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे. चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंत दांपत्याची.

पाने चाळताच आम्ही नाराज झालो. चित्रांना चौकटी नाहीत, चेहरे फोटोसारखे नाहीत. “हे आपले बाबासाहेब वाटतच नाहीत,” असे एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले. आम्हीही मान डोलावली.

तरी कारकुनाची सवय जाईना. ताळा घेतल्याशिवाय आम्ही सही करीत नाही. बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ शेजारी घेऊन बसलो. १९०१ सालचा मसूर स्टेशनचा प्रसंग. जात कळताच गाडीवान गाडी देईनात. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी या अटीवर. जवळ शिदोरी होती, पण पाणी नव्हते. मुले उपाशीच झोपली. चित्रकथेत ही तहान कुठेही पातळ केलेली नाही. आमचा अर्धा आक्षेप तिथेच गळला.

उरलेला आक्षेप शेजारच्या आजींनी घालविला. आजींना अक्षरओळख नाही. या पुस्तकात साध्या माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात लिहिले आहे, तर टोचणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी काढली आहे. आमच्या मुलीने पुस्तक आजींपुढे धरले. आजींनी नांगीवर बोट ठेवले. “हा इटाळ मानणारा बोलतोय ना गं?” मुलगी आमच्याकडे पाहू लागली. “बाबा, आजीला इंग्रजी येतं?”

आम्ही चेहरा शोधीत होतो. आजींनी बोलणे ओळखले.

दोन गोष्टी मात्र आजही खटकतात. एक, ‘रामायण’शी जुळणारे नाव. बाबासाहेब पुराणातले अवतार नव्हेत, हे मुलांना आपणच सांगितले पाहिजे. दुसरी, इंग्रजी. आमच्या वाचनालयात आता मोठी मुले आठवड्यातून एकदा ते मराठीत सांगत वाचून दाखवितात.

वाचकहो, चित्रकथा देखणी आहे की नाही, हे शेवटी पाहा. आधी तीन गोष्टी तपासा: घटना खरी आहे का? अन्याय करणाऱ्याला झाकले आहे का? आणि पुस्तक मिटल्यावर मूल प्रश्न विचारते का? आमच्या मुलीने त्या रात्री विचारले, “बाबा, त्यांना पाणी का नाही दिलं?”

आम्ही पुस्तक नोंदवहीत चढविले.

जयभीम!