शिस्त : नेम धरण्याची आणि नेम न धरण्याचीही

१/ जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. फारसीतून आलेला हा शब्द बंदुकीच्या संदर्भात सर्रास वापरला जाई. पुढे त्याचा नियमबद्ध वर्तन हा अर्थ रूढ झाला आणि पहिला अर्थ कोशांत उरला. पोलिसांच्या हाती बंदूक देताना या दोन अर्थांची फारकत झाली, तर काय घडते? आजचा धागा त्याविषयी.

२/ मित्रहो, शस्त्रांची बनावट, पल्ला, नळीचा व्यास यांवर आपण रात्र रात्र चर्चा करतो. ते शस्त्र ज्याच्या खांद्यावर होते, त्या शिपायाला काय शिकवले गेले होते, हे मात्र क्वचितच विचारतो. मी नरखेड तालुक्यातला. आमच्याकडे संत्र्याच्या बागांइतकेच नित्याचे दृश्य म्हणजे पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली. त्यामुळे हा प्रश्न मला अभिलेखागारात नव्हे, घरातच भेटला.

३/ माझी मामेबहीण त्यांपैकीच एक. ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मग लेखी परीक्षा. एकदा अंकगणिताचे पुस्तक मिटून ती म्हणाली, “दादा, हे सारं विचारतात. पण उद्या समोर आपल्याच गावचे लोक उभे असले तं काय करायचं, हे कोणीच विचारत नाही.” माझ्यापाशी उत्तर नव्हते, इतिहास होता.

४/ १८५७ च्या उठावानंतर १८६१ चा पोलीस कायदा आला. त्याच वर्षी नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत स्थापन झाला. या पोलीस दलाचा प्रथम हेतू लोकांचे रक्षण नव्हता, राज्याचे रक्षण हा होता. शिपायाला कवायत शिकवली जाई. विवेक शिकवण्याची गरज कुणाला भासली नाही.

५/ त्रुटी सरकारलाही दिसत होती. १९०२-०३ च्या पोलीस आयोगाचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर हे त्याआधी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. म्हणजे त्यांचा कारभार नागपुरातूनच चाले. आयोगाने पोलिसांच्या प्रशिक्षणाला सदोष ठरवले आणि प्रांतोप्रांती प्रशिक्षण संस्था काढण्यावर भर दिला. मुंबई प्रांताची शाळा १९०६ मध्ये पुण्यातील भांबुर्ड्याला निघाली व १९०९ मध्ये नाशिकला गेली. मध्य प्रांताची सागर येथे निघाली. नरखेड तेव्हा काटोल तहसिलीत, मध्य प्रांतात. आमच्या भागाची पोलीस परंपरा सागरशी जोडलेली आहे ती अशी.

६/ आता शस्त्राकडे वळू. पॉइंट ३०३ ही रणांगणासाठी घडवलेली रायफल. तिची गोळी शेकडो मीटर जाते आणि पहिल्या माणसाला लागून थांबेलच असे नाही. दाट वस्तीत ती झाडणे म्हणजे ज्याला नेमले त्याच्यामागे कोण उभे आहे, याचीही जबाबदारी घेणे. पोलीस व पहारेकऱ्यांसाठी ईशापूरच्या कारखान्यात पॉइंट ४१० ची, एका वेळी एकच काडतूस घेणारी मस्केटही बनवली गेली. शस्त्र बदलले, बोटामागचे मन कसे घडवायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

७/ कायदा होता का? होता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत बेकायदा जमाव पांगवण्याची कलमे होती. लष्कराला पाचारण केल्यास कमीत कमी बळ वापरावे आणि कमीत कमी इजा करावी, असे त्यांत स्पष्ट लिहिले होते. तरीही १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत पूर्वसूचना न देता सुमारे १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. कागदावरचे कलम बोटापर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्या दोहोंमधील वाटेचे नाव प्रशिक्षण.

८/ आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आष्टी. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तिरंगा फडकवण्यासाठी जमाव पोलीस ठाण्याकडे निघाला. गोळीबार झाला, सत्याग्रही पडले. मग संतप्त जमावाने ठाणेदारासह पोलिसांना ठार केले. त्याच दिवशी चिमूरलाही रक्त सांडले. हुतात्म्यांचे स्मरण आपण करतो, ते करायलाच हवे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने हेही पाहावे की पहिल्या गोळीने ठाणे वाचले नाही; उलट शिपाई आणि जमाव या दोघांचाही परतीचा रस्ता तिने बंद केला.

९/ प्रशिक्षणात आज काय असते? गोळीबाराच्या मैदानाला आपल्याकडे ‘चांदमारी’ म्हणतात. तिथले पहिले धडे नेमाचे नसतातच. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजायचे. नळीचे तोंड कधीही माणसाकडे वळवायचे नाही. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर. लक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी पाहायचे. ‘खाली कर’ म्हटल्यावर काडतूस निघाले याची डोळ्यांनी खात्री करायची. शेवटी रिकाम्या पुंगळ्या वेचून दिलेल्या काडतुसांशी हिशेब जुळवायचा. ही खरी जुनी शिस्त : दोन्ही अर्थांनी.

१०/ पण चांदमारीतले लक्ष्य स्थिर असते. ते दगड मारत नाही, रडत नाही, ओळखीचे निघत नाही. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना येथील तत्त्वांनी नेमबाजीपलीकडचे शिक्षण मागितले : जमावाची वागणूक ओळखणे, बोलून मार्ग काढणे, तणाव सोसणे, आणि गोळी झाडायची ती जीवावरचे तातडीचे संकट टाळण्यासाठीच.

११/ बंदूक न झाडताही बळ जीव घेते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात लाठीमार व चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. ‘जमाव पांगवणे’ या शब्दांतच एक अट दडलेली आहे : पांगायला वाट हवी. शून्य मैलाजवळच्या त्या स्मारकापाशी गेलात तर हे आठवा.

१२/ दुसरे टोक २६ नोव्हेंबर २००८ चे. मुंबईत एके-४७ समोर पॉइंट ३०३ आणि लाठ्या होत्या. राम प्रधान समितीने शस्त्रसामग्री आणि सरावाच्या उणिवांवर बोट ठेवले. सराव नसलेला शिपाई दोन प्रकारे धोक्यात असतो : हवे तेव्हा त्याची गोळी लागत नाही, आणि नको तेव्हा भीतीने सुटते. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी निःशस्त्र हातांनी बंदुकीची नळी धरून ठेवली, म्हणून हल्लेखोर जिवंत सापडला आणि खटला उभा राहू शकला.

१३/ २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात चकमकींबाबत नियम घातले : गुन्हा नोंदवणे, स्वतंत्र तपास, संबंधित पोलिसांची शस्त्रे तपासणीसाठी जमा करणे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही किमान बळाची जुनी अट कायम आहे. म्हणजे पुंगळीचा हिशेब आता चांदमारीपुरता उरलेला नाही.

१४/ बहिणीला मी एवढेच सांगू शकलो की तिचा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा नाही. अभ्यासक्रम नेमका तोच असायला हवा. वर्दीतल्या माणसाला गोळी झाडायला शिकवणे काही आठवड्यांचे काम. झाडू नये हे कधी, ते ओळखायला शिकवणे हे संपूर्ण सेवाकाळाचे.

१५/ आष्टी, चिमूर, बेनोडा या भागांतल्या वाचकांना विनंती : १९४२ च्या आठवणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील तर लिहून ठेवा, ठाण्याच्या बाहेरच्यांच्या आणि ठाण्याच्या आतल्यांच्याही. दुसऱ्या बाजूची कुटुंबे सहसा गप्पच राहिली. त्यांच्याकडे काय जपले आहे, ते कुणीतरी विचारायला हवे.