कॉलबॅकमधलं क्रॉसिंग

पेण-रोहा मार्ग एकेरी होता तेव्हा दिवा-रोहा गाडीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना क्रॉसिंग म्हणजे काय ते सांगायला नको. नागोठण्याला गाडी बाजूच्या लाईनीत जायची. आपण खिडकीतून शेतं बघत बसायचं. समोरून एखादी एक्सप्रेस धडधडत गेली की मग आपला सिग्नल मिळायचा. जाम वैताग यायचा तेव्हा. त्या थांबण्याचा अर्थ कळला तो पुढे, नोकरीत.

तर झालं असं. आमच्या सर्व्हरवरून बाहेरच्या एका सेवेला एचटीटीपी रिक्वेस्ट जायच्या. मी मोठ्या हौसेने असिंक्रोनस क्लायंट लावला. रिक्वेस्ट सोडून द्यायची, उत्तर आलं की कॉलबॅक. कुणी ताटकळायचं नाही. आणि त्या कॉलबॅकमध्येच मी डेटाबेसमध्ये नोंद टाकत होतो! माझ्या मशीनवर सगळं झकास. लोड वाढला आणि टाइमआउटचा पाऊस. दोन दिवस मी समोरच्या सेवेला शिव्या घातल्या, तशी मेलसुद्धा पाठवली. शेवटी थ्रेड डंप काढला. उत्तरं वेळेवर येऊन पडली होती, ती उचलणारे थ्रेडच डेटाबेससमोर रांगेत उभे होते.

कारण साधं आहे. हा क्लायंट नेटीवर चालतो आणि नेटी, आपण वेगळं सांगितलं नाही तर, दर कोरमागे दोनच थ्रेड घेतं. चार कोर, आठ थ्रेड. शेकडो कनेक्शनं त्या आठांत वाटलेली आणि कॉलबॅकही त्यांच्यावरच चालतो. एक अडकला की त्याच्या वाट्याची सगळी कनेक्शनं ठप्प. त्याहून वाईट म्हणजे कॉलबॅकमधून दुसरी रिक्वेस्ट सोडून तिच्या उत्तराची तिथेच वाट बघणं. ते उत्तर नेमकं त्याच थ्रेडवर येणार असेल तर संपलंच, टाइमआउटपर्यंत बसा.

उपाय नागोठण्याचाच. थांबणारं काम मेन लाईनवर ठेवायचं नाही, वेगळ्या थ्रेड पूलकडे द्यायचं. जावात थेनअप्लायअसिंकला स्वतःचा एक्झिक्युटर देता येतो. मी तो दिला, पण रांगेला मर्यादा ठेवली नाही आणि मेमरी भरली. पुढे लाईन रिकामी नसेल तर स्टेशनमास्तर गाडी मागच्या स्टेशनवरच धरतो, हे विसरलो होतो. २०२३ साली जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड आले, थांबणं स्वस्त झालं. पण डेटाबेसची कनेक्शनं तेवढीच राहिली. थांबावं कुणाला तरी लागतंच, कुठे थांबायचं ते आपण ठरवायचं.

आता पेण-रोहा दुहेरी झालाय. रोहा-वीरसुद्धा २०२१ मध्ये झाला. क्रॉसिंगला थांबायचं तर वीरच्या पुढे जायला हवं.

असो. त्या सेवेवाल्यांना माफीची मेल टाकली होती. कॉलबॅक अजून यायचाय.