एका मोसमापुरता आमचा

क्रोएशियाला लोक समुद्रासाठी जातात. मी गेलो तो एका स्ट्रायकरसाठी. जेमतेम ३९ लाख वस्तीचा हा देश १९९८ च्या विश्वचषकात तिसरा आला, २०१८ ला दुसरा आणि २०२२ ला पुन्हा तिसरा. मधल्या फळीतले कसबी खेळाडू त्यांनी खंडीभर दिले आणि जगानंही त्यांचंच कौतुक केलं. मला मात्र सगळ्यांत पुढे एकटा उभा राहणारा गडी आवडतो. अख्ख्या सामन्यात त्याला दोन संधी मिळणार, त्यातली एक आत घालायची. नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शिव्या खायच्या. १९९८ साली डावोर शुकरनं सहा गोल करून गोल्डन बूट नेला, ते टीव्हीवर पाहिल्यापासूनचं हे वेड.

झाग्रेबमधले दिवस ट्राम आणि पावसात गेले. डुब्रोव्हनिक मी मुद्दाम टाळलं. क्रूझमधून लोंढे उतरतात अशा गावात माझं मन लागत नाही. मला गाठायचं होतं पुला, इस्त्रिया द्वीपकल्पाच्या पार दक्षिण टोकाशी असलेलं बंदर.

त्याचं कारण डियोन ड्रेना बेल्यो. २००२ चा जन्म, झाग्रेबचा, सव्वासहा फुटांच्याही वरची उंची. २०२१ मध्ये हा पोरगा ओसियेक क्लबकडे होता आणि तिथे आघाडीला होता अर्जेंटिनाचा रामोन मिएरेस. आदल्याच मोसमात २२ गोल करून तो लीगमध्ये पहिला आलेला. त्याला बसवून एकोणीस वर्षांच्या मुलाला कोण खेळवणार? ओसियेकनं बेल्योला मोसमभरासाठी लोनवर दिलं, पुलाच्या इस्त्रा १९६१ या क्लबाला. हा क्लब तेव्हा गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्यात धडपडत असे. पण क्रोएशियाच्या लीगमध्ये दहाच संघ, प्रत्येकाशी चार-चार सामने, म्हणजे मोसमात छत्तीस. कोवळ्या स्ट्रायकरला याहून मोठं देणं कुठलं? बेल्योनं गोलांचा दोन आकडी पल्ला गाठला आणि त्याचं नाव देशभर झालं.

पुलात पाऊल ठेवलं की आधी दिसतं ते रोमन अँफिथिएटर. पहिल्या शतकातलं, बाहेरची भिंत आजही जवळपास अख्खी. अशा दगडांपुढे मी फार वेळ रमत नाही, पण एका बुरुजावरच्या पाटीनं मला धरून ठेवलं. १५८३ मध्ये व्हेनिसच्या सिनेटमध्ये ठराव आला होता, की हे अख्खं बांधकाम दगड न् दगड सुटा करून व्हेनिसला नेऊन उभारायचं. गाब्रिएले एमो नावाच्या सिनेटरनं विरोध केला म्हणून ते इथं राहिलं. पाटी त्याच्याच आभाराची. मला तो माणूस फार आवडला.

क्लबाचं अल्डो ड्रोसिना स्टेडियम पाहून झालं आणि संध्याकाळी एका कोनोबात, म्हणजे तिथल्या घरगुती खानावळीत, जेवायला शिरलो. शेजारच्या टेबलावर एक आजोबा आणि त्यांची सून. आजोबा उल्यानिकचे वेल्डर. १८५६ पासून चाललेली ही जहाजगोदी २०१९ मध्ये दिवाळ्यात निघाली. तिचं नाव घेताना ते जरा थांबले. मी भारतातून बेल्योचा माग काढत आलोय हे सुनेनं इंग्रजीतून समजून घेऊन त्यांना सांगितलं, तशी त्यांनी खुर्ची माझ्या टेबलाला लावली आणि ‘सुपा’ मागवली. ही सुपा म्हणजे मातीच्या कुंज्यात गरम केलेली लाल वाइन, तीत साखर, मिरपूड, ऑलिव्हचं तेल आणि निखाऱ्यावर भाजलेला पाव. कुंजा एकच, तो हातोहात फिरतो. लहानपणापासून उष्ट्याचे संस्कार अंगात मुरलेले, त्यामुळे पहिला घोट जड गेला. दुसऱ्या घोटाला धुराची, मिरीची आणि तेलाची चव जिभेवर एकत्र आली आणि मी कुंजा पुढे द्यायला विसरलो.

आजोबांनी पावाचे दोन तुकडे टेबलावर मांडले: हे बचावपटू. तेलाची उंच बाटली म्हणजे बेल्यो, बाटलीचं बूच म्हणजे चेंडू. “उंच आहे म्हणून हेडर मारतो, असं पेपरवाले लिहितात. उंच तर विजेचा खांबही असतो.” त्यांनी बाटली लांबच्या खांबाकडे सरकवली, पावाचे तुकडे मागोमाग नेले. मग बाटली थांबवली. तुकडे थांबले. आणि बूच हवेत असतानाच बाटली तिरकी उलटी काढून दोन्ही तुकड्यांच्या पुढे, जवळच्या खांबाशी आणून टेकवली. “अर्धा सेकंद. एवढाच धंदा आहे. आणि हा सरावात शिकता येत नाही, सामन्यात चुकत चुकत येतो.” टेबलक्लॉथवर तेलाचा गोल डाग पडला, सुनेनं त्यावर मीठ टाकलं.

“कोवळा पोरगा चुकणारच,” ते म्हणाले. “मोठ्या क्लबात एकदा चुकला की पुढच्या सामन्याला बाकावर. आमच्याकडे त्याच्या जागी दुसरा होता कोण? चुकला तरी पुढच्या आठवड्यात तोच.”

पुढचं सगळं त्यांना पाठ. मोसम संपताच तो ओसियेकला परत, जानेवारी २०२३ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गकडे, मग तिथून पुन्हा लोनवर रापिड व्हिएन्नाला. तिथे २०२४-२५ मध्ये कॉन्फरन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात थेट जन्मगावच्या दिनामो झाग्रेबमध्ये. म्हणजे आता तो पुलात येणार तो इस्त्रावर गोल करायला. वाईट नाही वाटत? मी विचारलं. “एका मोसमापुरता आमचा होता. करू दे.” एवढं बोलून त्यांनी कुंजा माझ्याकडे सरकवला. त्या आवाजात कडवटपणा नव्हता, हक्क होता, आणि मला त्यांचा हेवा वाटला.

मग त्यांनी भारताचं काढलं. इगोर स्टिमाच तुमचा कोच होता ना? होता, २०१९ ते २०२४. आणि पुढे कोण खेळतो? मी सुनील छेत्रीचं नाव घेतलं. नव्वदच्या वर आंतरराष्ट्रीय गोल. जून २०२४ मध्ये निवृत्त झाला, आणि मार्च २०२५ मध्ये चाळिशीत त्याला परत बोलवावं लागलं. कारण आमच्या लीगमधले क्लब आघाडीला बहुतेक परदेशी खेळाडू उभे करतात. स्टिमाच तेच घसा फोडून सांगत होता.

“म्हणजे मिएरेस तुमच्याकडेही आहे,” आजोबा म्हणाले. “पण तुमचं पुला कुठं आहे?”

मी गोव्याचं नाव घेतलं. पोर्तुगिजांपासून फुटबॉल खेळणारी भूमी, गावोगाव मैदानं. डेम्पो क्लबाबद्दल सांगितलं: राष्ट्रीय लीगचं विजेतेपद पाच वेळा, आणि तरी २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंगसोबत तो स्पर्धेतून बाहेर पडला, कारण नव्या रचनेत या जुन्या क्लबांना वरच्या लीगमध्ये जागाच उरत नव्हती. आता कुठे तो खालून चढत परत आलाय.

सुनेच्या ऐकण्यात चूक झाली असणार असं आजोबांना वाटलं. पाच वेळा विजेता आणि बाहेर? त्यांनी तिला मला पुन्हा विचारायला लावलं. मी पुन्हा तेच सांगितलं.