वाचकयंत्रांचा संग्रह

पोथी जपली की ग्रंथ जपला, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. मराठीच्या अध्यापकांना तो फार काळ बाळगता येत नाही. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथ्या शतकानुशतके सुखरूप होत्या. परंतु लिपीची किल्ली नसलेल्या वाचकासाठी त्या असून नसल्यासारख्याच होत्या. मोडीतील रुमालांची आजची अवस्था फारशी निराळी नाही. आम्हां दोघा सहकाऱ्यांच्या संग्रहाचे मूळ या जाणिवेत आहे. भंगारवाल्याला मात्र हे सांगून पटत नाही. त्याच्या लेखी आम्ही तांब्याच्या भावाने पुठ्ठा नेणारी माणसे.

आम्ही जमवतो ती व्हिडिओ कॅप्चर कार्डे. व्हीसीआरमधून येणारे चित्र म्हणजे सतत हेलकावणारा विद्युत्‌प्रवाह. संगणकाला मात्र आकडे हवेत. या दोहोंमधला दुभाषी म्हणजे हे कार्ड. आपल्याकडील 'पाल' पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे, चित्रामागे ६२५ रेषा, त्यांतल्या ५७६ दृश्य. तीही दोन फेऱ्यांत विणलेली : आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. हे सारे ७२० बाय ५७६ ठिपक्यांत, ठिपक्यामागे दोन बाइट धरून उतरवायचे, तर सेकंदाला दोन कोटींहून अधिक बाइट होतात. तासाचे जवळजवळ ७५ जीबी. १९९०च्या दशकातील संगणकाला हा लोंढा पेलणारा नव्हता. म्हणून 'मायरो डीसी३०'सारखी कार्डे चित्र स्वतःच आकुंचित करून आत धाडीत. ब्रूकट्री कंपनीच्या 'बीटी८४८' आणि 'बीटी८७८' या चिपांनी दुसरा मार्ग धरला. पीसीआय जोडणीतून चित्र थेट संगणकाच्या स्मृतीत ओतले. या चिपेची कार्डे स्वस्त होती, घरोघरी टीव्ही ट्यूनर म्हणून गेली, आणि म्हणूनच आज भंगारात सापडतात. लिनक्समध्ये त्यांचा ड्रायव्हर अजून आहे. नव्या संगणकात खाचच उरलेली नाही. सबब कार्डासोबत जुना पेंटियमही सांभाळावा लागतो.

या खटाटोपाला कारण आमच्या विभागातील चाळीसेक व्हीएचएस फिती. त्यांत १९९६ साली आमच्या बाईंनी निवृत्तीच्या दिवशी दिलेले व्याख्यान आहे. बाई आज नाहीत. त्यांनी ते लिहूनही ठेवले नव्हते. फितीला पावसाळ्यांनी बुरशी चढलेली. हलक्या हाताने साफ करून ती लावली, तेव्हा एका नव्या उपकरणाने संकेत क्षीण होताच निळा पडदा दाखवला. तीच फीत जुन्या कार्डातून घेतली, तर चित्र फाटले, रेषा वाकड्या धावल्या, पण बाई दिसत राहिल्या.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना या अनुभवाची ओळख पटायला वेळ लागत नाही. जे वाचता येत नाही ते गाळणारा लेखनिक एक, आणि न कळलेली अक्षरेही जशीच्या तशी उतरवणारा दुसरा. संपादकाला दुसराच उपयोगी पडतो. हल्ली अस्पष्ट चेहरे यंत्रबुद्धीने रेखीव करून मिळतात. तशी प्रत जरूर करावी. परंतु मूळ उतारा बाजूला न टाकता. बाईंच्या चेहऱ्यावर यंत्राने कल्पिलेली सुरकुती आम्हांला प्रक्षिप्त वाटते.

वेळ मात्र थोडा आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या उरल्यासुरल्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाईने २०१६ साली उत्पादन थांबवले. चालू यंत्रांची डोकी झिजत आहेत. कार्डे आणखी मिळतील, फिती वाचणारे यंत्र मिळेलच असे नाही. म्हणून आता रविवारी बाजार हिंडण्याऐवजी आम्ही विभागात बसतो. एक तासाच्या फितीला एक तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. बाईंचे व्याख्यान एम.ए.च्या वर्गाला ऐकवले, तेव्हा चित्र फाटते त्या जागी एका मुलीने विचारले, इथे बाई गप्प का झाल्या? त्या पाणी पीत होत्या. हे फितीतच दिसते, नीट पाहिले तर.