मॉरिशसचे पेट्रोल: दोन पत्रे

पोर्ट लुई

मॉरिशसचे मुख्य बेट क्षेत्रफळाने गोव्याच्या जेमतेम निम्मे असून तेथे तेलाची विहीर नाही की तेलशुद्धीकरणाचा कारखाना नाही, त्यामुळे वाहनांत जळणारे सारे पेट्रोल जहाजाने येते. ही आयात स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन हे १९८२ साली स्थापन झालेले सरकारी महामंडळ करते आणि मध्यंतरी बरीच वर्षे हा माल मंगळूरच्या कारखान्यातून येत असे. सरकारी कागदपत्रांत ‘मोगॅस’ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या या पेट्रोलचा कमाल दर एक समिती ठरवते. त्या दरात कर तर असतातच, शिवाय तांदूळ, पीठ व स्वयंपाकाचा गॅस यांच्या अनुदानासाठी घेतलेली वर्गणी आणि देशाच्याच दूरच्या रॉड्रिग्ज बेटावर इंधन नेऊन साठवण्याचा खर्चही असतो. मोटारवाल्याच्या खिशातून गरिबाचा भात स्वस्त होतो, हे न्याय्यच. मात्र ही सारी रक्कम पेट्रोलच्या खपातूनच येत असल्याने तो घटावा असे सरकारला कितपत मनापासून वाटत असेल, याविषयी शंका उरते.

क्युरपिप

सुमारे पासष्ट किलोमीटर लांबीच्या बेटावर मोटारींची एवढी गर्दी का, याचे उत्तर अंतरात नसून वस्तीच्या इतिहासात आहे. १८६६ ते १८६८ या काळातील हिवतापाच्या साथीने राजधानी पोर्ट लुईतील सधन कुटुंबे बेटाच्या मधल्या थंड पठाराकडे सरकली, परंतु कचेऱ्या, बँका आणि बंदर खालीच राहिले. तेव्हापासून सकाळी उतरायचे आणि संध्याकाळी चढायचे हा क्रम पडला. आरंभी हा भार आगगाडीने वाहिला. १९५६ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, आणि पुढे तो भार बस व खासगी मोटारी यांच्यावर आला. भारताच्या साहाय्याने उभारलेली, विजेवर धावणारी मेट्रो २०२२ मध्ये पठारावरील क्युरपिपपर्यंत पोहोचली असून तिने काही ठिकाणी जुन्या रेल्वेचाच मार्ग धरला आहे. तरीही या विजेचा मोठा भाग आयात केलेला कोळसा आणि जड इंधन तेल, म्हणजे शुद्धीकरणानंतर उरणारे दाट तेल, जाळूनच निर्माण होतो. उसाच्या चिपाडापासून मिळणारी वीज मोलाची खरी, पण पुरेशी नाही. शिवाय मेट्रोचा मार्ग पठार आणि राजधानी यांच्यापुरताच आहे, म्हणून मराठी कुटुंबांची जुनी वस्ती असलेल्या पश्चिमेकडील कास्काव्हेलसारख्या गावातून कामावर जाणाऱ्यास आजही बस किंवा स्वतःचे वाहन हाच आधार आहे.